अंगाई कुणाची, ठेका कुणाचा

प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला सॉलोमन बेटं आहेत. त्यातल्या मालाइता बेटावर १९७०च्या सुमारास अफुनाक्वा नावाच्या एका बाईनं अंगाई म्हटली. समोर लोकसंगीताचे अभ्यासक ह्यूगो झेम्प टेपरेकॉर्डर लावून बसले होते. अंगाईचं नाव ‘रोरोग्वेला’, भाषा तिथल्या बाएगू लोकांची. आईबाप गेलेल्या धाकट्या भावंडाला थोरलं भावंड गप्प करतंय, असा तिचा विषय. साथीला वाद्य नाही, ठेका नाही, नुसता गळा. १९७३ साली ती युनेस्कोच्या एका संग्रहात तबकडीवर आली. अशा तबकड्या ग्रंथालयं घेतात, चार प्राध्यापक ऐकतात, आणि पुढं त्यांच्यावर धूळ बसते.

पण तुम्ही चाळिशी ओलांडली असेल आणि नव्वदच्या दशकात तुमच्या घरी केबल आलेली असेल, तर हा आवाज तुमच्या कानावरून गेला असण्याची दाट शक्यता आहे. १९९२ साली एरिक मूके आणि मिशेल सांशे या दोन फ्रेंच संगीतकारांनी ‘डीप फॉरेस्ट’ या नावानं अल्बम काढला. त्यातलं ‘स्वीट ललबाय’ हे गाणं म्हणजे अफुनाक्वाची हीच अंगाई. तिच्याखाली सिंथेसायझरचे लांबच लांब स्वर आणि नाचता येईल असा संथ, गुबगुबीत ठेका. गाणं जगभर वाजलं, जाहिरातींत वापरलं गेलं. त्याचा गाजलेला व्हिडिओ तरसेम या मूळच्या भारतीय दिग्दर्शकाचा: तीनचाकी सायकलवरून जगभर फिरणारी एक लहान मुलगी. मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आफ्रिकेतलंच समजलो होतो. तसं वाटावं अशीच मांडणी होती म्हणा, कारण अल्बमभर मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या पिग्मींचे आवाज होते. मालाइता ते मध्य आफ्रिका हे अंतर पंधरा हजार किलोमीटरांहून जास्त आहे. नामवंत सॅक्सोफोनवादक यान गारबारेक यांनी १९९६ साली तीच चाल वाजवली आणि शीर्षक दिलं ‘पिग्मी ललबाय’! अंगाईनं महासागर ओलांडला आणि मागचा पत्ता पुसला गेला.

हे तांत्रिकदृष्ट्या घडतं कसं, ते एकदा पाहून घेऊ. पुढचं सगळं रामायण त्यावरच उभं आहे. आवाज म्हणजे हवेच्या दाबातली थरथर. ती सेकंदाला हजारो वेळा मोजायची (सीडीसाठी हा आकडा ४४,१००) आणि मोजमापं यंत्रात साठवायची. या साठवलेल्या तुकड्याला ‘सॅम्पल’ म्हणतात आणि तो वाजवणाऱ्या यंत्राला सॅम्पलर. ऑस्ट्रेलियात १९७९ साली तयार झालेलं ‘फेअरलाइट’ हे या जातीचं पहिलं गाजलेलं यंत्र. त्याची किंमत घराच्या किमतीशी स्पर्धा करायची. दशकभरात सॅम्पलर इतके उतरले की घरातल्या खोलीत बसून गाणी करणाऱ्या पोरांनाही परवडू लागले. यंत्रात कुत्र्याचं भुंकणं टाका, पट्टी दाबा, ते सातही सुरांत भुंकेल. सुरुवातीच्या यंत्रांत सूर चढवला की वेगही वाढायचा. लहानपणी ३३च्या वेगाची तबकडी आपण मुद्दाम ४५वर लावायचो, तसाच प्रकार. नंतर सूर आणि वेग वेगवेगळे हाताळता येऊ लागले. मग काहीही कशावरही बसवणं शक्य झालं: बल्गेरियाच्या बायकांचं समूहगान, मोरोक्कोचे ढोल, तिबेटी लामांचा खर्ज.

इथं एक गोष्ट संगीताच्या बाजूनंही सांगायला हवी. ती कायद्याच्या भांडणात दबून जाते. अफुनाक्वाच्या गाण्याला कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गुच्छ) नव्हत्या. फ्रेंच जोडीनं तिच्या सुरांखाली एकामागून एक कॉर्ड ठेवल्या, आणि तोच स्वर एका कॉर्डवर उदास तर पुढच्या कॉर्डवर दिलासा देणारा वाटू लागला. तिच्या गळ्यात नसलेला भाव तिच्या पायाखालून आला. शिवाय श्वासाच्या अंदाजानं म्हटलेली ओळ कापून एकसारख्या ठेक्यावर बसवली. ऐकायला गोड आहे हे नाकारत नाही. पण दूरदेशीचं काही ऐकतोय असं जे आपल्याला वाटतं, त्यातला मोठा भाग पॅरिसचा असतो.

मग भांडण लागलं. झेम्प यांनी १९९६ साली एका संशोधनपत्रिकेत सगळी हकिगत लिहिली. हे ध्वनिमुद्रण वापरायला आपण परवानगी दिलेली नव्हती, असं त्यांचं म्हणणं. आपण रीतसर परवानगी घेतली होती, असं दुसऱ्या बाजूचं. अमेरिकेचे स्टीव्हन फेल्ड यांनी २००० साली या प्रकरणावर लिहिलेला निबंध आजही या विषयात आधी वाचायला सांगितला जातो. हे सगळं वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की परवानगी कुणी कुणाची घ्यायची याच्या यादीत अभ्यासक आहे, संस्था आहे, कंपनी आहे. गाणारी कुठंय? झेम्प यांनी तिचं नाव नोंदवून ठेवलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. नाव गळालं ते पुढच्या हाती. मॅट हार्डिंग हा अमेरिकन तरुण देशोदेशी नाचतानाचे व्हिडिओ करायचा, आणि त्यानंही हेच गाणं वापरलं होतं. तो पुढं तिला शोधत सॉलोमन बेटांवर गेला. तोवर अफुनाक्वा हयात नव्हती.

गाण्याच्या कायद्याला मुळात दोन माणसं ओळखता यायची: गाणं रचणारा आणि ध्वनिमुद्रण करणारा. अंगाई कुणी रचली ते माहीत नाही, म्हणजे ती ‘पारंपरिक’. आणि पारंपरिक म्हणजे कुणाचीच नाही. गाणाऱ्याला हक्क देणारा रोमचा आंतरराष्ट्रीय करार १९६१ साली झाला, पण त्यात कलावंत म्हणजे वाङ्मयीन वा कलात्मक कृती सादर करणारा, अशी व्याख्या. लोकपरंपरा त्यात धड बसत नव्हती. ती बसवली १९९६च्या जिनिव्हा करारानं. भारत त्यात २०१८ साली सामील झाला. आपला कायदा मात्र या बाबतीत आधीच दिलदार निघाला. १९९४च्या दुरुस्तीनं त्यात कलावंताची जी व्याख्या आली, तिच्यात गायक-वादकांच्या रांगेत डोंबारी, जादूगार आणि चक्क गारुडीही आहेत.

कायदा आपल्या बाजूला वळवून घेतल्याचं एक उदाहरण तैवानचं आहे. तिथल्या आमी आदिवासींपैकी दिफांग आणि इगाय दुआना हे शेतकरी नवराबायको १९८८ साली एका चमूबरोबर फ्रान्सला गेले. तिथं त्यांचं गाणं मुद्रित झालं; वडीलधारी मंडळी मद्य घेताना म्हणतात ते. पुढं मिखाएल क्रेटू यांच्या ‘एनिग्मा’ प्रकल्पानं त्यातले सूर ‘रिटर्न टू इनोसन्स’ या गाण्यात वापरले. दिफांग यांचा आलाप हाच त्या गाण्याचा प्राण आहे. तो काढला तर उरतं ते कुठल्याही हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजेल. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही ते वाजलं. नाव नाही, पैसा नाही. पंचाहत्तरीच्या आसपासच्या या जोडप्यानं अमेरिकेत दावा लावला. १९९९ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली, श्रेय मिळालं, रक्कमही मिळाली. किती, ते जाहीर झालं नाही. २००२ साली दिफांग वारले.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की यंत्र आणि परंपरा यांचं जमतच नाही. तसं नाही, आणि ते सिद्ध करायला फार लांब जायला नको. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवायचे. १९८२ साली त्यांनी तीन नवी जपानी यंत्रं जोडून दहा राग वाजवले: भैरव, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे. अल्बमचं नावच ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’. कुणी फारसं विचारलं नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला दिल्लीत ती तबकडी सापडली, २०१० साली तिची नवी आवृत्ती निघाली आणि युरोपात एकच खळबळ उडाली. कारण शिकागोत १९८७ साली जन्मलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या नाचाच्या संगीताशी ती हुबेहूब जुळत होती. पाच वर्षं आधीची, मुंबईची! मग ‘अ‍ॅसिडचा खरा जनक भारतीय’ वगैरे मथळे झळकले. ते बाजूला ठेवू. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती.

पण हे जुळलं कसं, यात खरी गंमत आहे. त्या तीन यंत्रांपैकी टीबी-३०३ हे यंत्र पुढं शिकागोच्या पोरांच्याही हाती होतं; मुळात ते गिटारवाल्यांना साथ मिळावी म्हणून काढलं होतं. खर्जातला गिटार वाजवणारा नसेल तर हे वाजेल, अशी कल्पना. ते काही साधलं नाही, त्याचा आवाज गिटारसारखा येईना. पण त्याला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता यायचं. आपण याला मींड म्हणतो. आणि नाचाच्या संगीतात कॉर्ड फारशा बदलत नाहीत; एकच षड्ज धरून सगळा खेळ. रागाचं तरी दुसरं काय असतं? पाश्चात्त्य पॉप गाण्यावर राग बसवायला गेलं की कॉर्ड आडव्या येतात. इथं आडवं यायला कुणी नव्हतंच. यंत्राला तंबोऱ्यासारखं वागवायचं हे चरणजितना सुचलं, कारण रागाचं घर त्यांच्या ओळखीचं होतं. २०१५ साली ते मुंबईतच वारले. अखेरच्या काही वर्षांत युरोपातल्या तरुणांसमोर हेच राग वाजवून आले होते.

यंत्राची अडचण मात्र खरी आहे. १९८३ साली वाद्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी ‘मिडी’ नावाची सामाईक भाषा मिळाली, तिचा पायाच पियानोच्या बारा स्वरांवर. दरबारीचा आंदोलित गंधार किंवा अरबी संगीतातला अधलामधला स्वर हवा असेल तर वेगळी खटपट करावी लागते. करता येते, पण करणारे थोडे. हे गाऱ्हाणं आपल्याला नवं नाही. पेटीत श्रुती नाहीत म्हणून रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, आणि तरीही पेटी आपल्या गायकांच्या शेजारून उठली नाही.

ऐंशीच्या दशकात बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्यानं उलट्या बाजूनं प्रयत्न केला. जेम्स किपेन हे अभ्यासक लखनऊ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडं तबला शिकत होते. तबल्यात ‘कायदा’ नावाची रचना असते; तिचा पलटा, म्हणजे त्याच बोलांची फेरमांडणी, कुठला चालतो आणि कुठला चालत नाही, याचे नियम संगणकाला शिकवावेत, म्हणून दोघांनी ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्राम उभा केला. संगणकानं पलटे रचायचे, उस्तादांनी ते पास-नापास करायचे. यंत्र शागीर्द, माणूस गुरू. सॅम्पलरच्या व्यवहाराच्या नेमकं उलटं, आणि म्हणूनच बहुधा त्यातून एकही लोकप्रिय गाणं निघालं नाही.

हेच बेल नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या खेड्यांत ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन फिरत होते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या होत्या. बायकांच्या तोंडच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून काढल्या. त्यातल्या पुष्कळ बेल यांच्या मदतीनं मुद्रित झाल्या. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या एकेक करून प्रसिद्ध होतात.

उद्या कुणीतरी या ओव्यांखाली ठेका ठेवेल, ठेवावाही. जात्याची घरघर हा मुळातच एक लूप आहे आणि ओवी त्याच्यावरच बसलेली असते. त्या पोराला किंवा पोरीला एकच सांगणं: ‘पारी’वर आवाजाबरोबर गाणारणीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांची ओवी घेतलीत, तर वेष्टणावर तेवढंच, तसंच छापा: गंगूबाई अंबोरे, ताडकळस.