डॉक्टर शिकतात कसे? (भाग ९) : कानावर पडलेलं संशोधन

नॉरफोक हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं बंदराचं शहर. तिथल्या अतिदक्षता विभागात डॉ. पॉल मॅरिक यांनी सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना क जीवनसत्त्व, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन अशी तीन औषधं एकत्र, शिरेतून द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या सात महिन्यांतल्या ४७ रुग्णांपैकी १९ दगावले होते. नवे उपचार दिलेल्या ४७ पैकी ४ दगावले. ४० टक्क्यांवरून थेट साडेआठ टक्के. हा निबंध २०१७ साली 'चेस्ट' या नियतकालिकात छापून आला.

असा आकडा कानावर पडला की कुठलाही डॉक्टर हलतो. तिन्ही औषधं स्वस्त, कोणत्याही मोठ्या रुग्णालयात हाताशी असणारी, आणि समोर रोज मरणाशी झुंजणारे रुग्ण. बातमी अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर आली, अतिदक्षता वैद्यकाच्या पॉडकास्टवर तिची चर्चा झाली, आणि कितीतरी ठिकाणी हे उपचार सुरूही झाले. काटेकोर चाचण्या मागाहून आल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधल्या २१६ रुग्णांची चाचणी जानेवारी २०२० मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झाली; तिच्यात फायदा दिसला नाही. मग २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये ८७२ रुग्णांची 'लव्हिट' चाचणी आली. तिच्यात परीक्षा एकट्या क जीवनसत्त्वाची होती. ते दिलेल्या गटात २८ दिवसांपर्यंत मृत्यू आलेले किंवा अवयव निकामीच राहिलेले रुग्ण ४४.५ टक्के निघाले, न दिलेल्या गटात ३८.५ टक्के. फायदा तर बाजूलाच राहिला, काटा नुकसानीकडे झुकला.

अभ्यासाच्या मर्यादा मूळ निबंधात दडवलेल्या नव्हत्या. एकच रुग्णालय, आधीच्या रुग्णांची नंतरच्या रुग्णांशी तुलना, कोणाला कोणते उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नाही, हे सगळं त्यात होतं. छापील पानावर ही माहिती निष्कर्षाच्या शेजारी असते. डोळा मागे फिरतो, तक्त्यापाशी थांबतो, बेरीज करून बघतो. ऐकताना तसं होत नाही. '४० वरून ८' एवढं डोक्यात बसतं आणि त्याला वेसण घालणारी माहिती निसटून जाते. या शंका पॉडकास्टवरच मोठ्याने विचारणारे डॉक्टरही होते, हे सांगितलं पाहिजे. पण दिवसभराच्या कामानंतर अर्धवट ऐकणाऱ्याच्या मनात शंका टिकायला जड जाते, चमत्कार सहज टिकतो.

या भागात मला मांडायचं आहे ते एवढंच. पॉडकास्टनी डॉक्टरांच्या शिक्षणाचं भलं केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र पॉडकास्ट चांगलं की वाईट हे ठरवायचं, तर निष्कर्षाला वेसण घालणारा आकडा निवेदक किती वेळा आणि किती आवर्जून सांगतो, ते पाहावं.

गेल्या आठवड्यात आपण नियतकालिकांच्या पुराबद्दल वाचलं. ऐकून शिकणं हा त्या पुरावरचा जुना उपाय आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात जेरी पेटिस यांनी तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या आश्रयाने ऑडिओ-डायजेस्ट ही संस्था काढली. नव्या संशोधनाचा सारांश टेपच्या रिळांवर मुद्रित करून वर्गणीदार डॉक्टरांकडे पोचवायचा, अशी योजना होती. पुढे कॅसेट आली आणि डॉक्टरांची गाडी हाच वर्ग झाला. पेटिस नंतर अमेरिकन संसदेत निवडून गेले. संस्था मात्र त्यांच्यामागेही चालत राहिली. आजच्या पॉडकास्टमागे तोच हिशेब आहे: वाचायला वेळ नाही, पण प्रवास रोज करावा लागतो.

सप्टेंबर २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले विषाणुतज्ज्ञ व्हिन्सेंट राकानिएलो यांनी 'धिस वीक इन व्हायरॉलॉजी' सुरू केलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्कॉट वाइनगार्ट यांचं 'ईएमक्रिट' आलं, आपत्कालीन आणि अतिदक्षता वैद्यकासाठी. २०१६ पासून 'द कर्बसायडर्स' फिजिशियन लोकांसाठी रोजच्या ओपीडीतले प्रश्न तज्ज्ञांना विचारत आहेत. हृदयरोगावर जॉन मॅन्ड्रोला दर आठवड्याला एकट्यानेच बोलतात, आणि चाचणी कोणत्या गटात, कशाशी तुलना करून झाली हे सोलून दाखवतात. 'लॅन्सेट', 'बीएमजे', 'जामा' या सगळ्यांचे स्वतःचे कार्यक्रम आहेतच. गाडी चालवताना ऐकलेलं डोक्यात राहतं का, हेही तपासून झालं आहे: अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांतल्या निवासी डॉक्टरांच्या एका चाचणीत गाडी चालवत ऐकलेलं आणि स्वस्थ बसून ऐकलेलं यांच्या परीक्षेतल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा दोष ऐकण्याचा नाही. काय सांगितलं जातं, हा प्रश्न आहे.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण कोविडच्या काळातलं आहे. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीची बातमी आली: डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने जीव वाचतात. बातमी खरी होती. सविस्तर आकडे आले तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर उतरलेलं दिसलं, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. पण त्याच तक्त्यात तिसरी ओळ होती. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यापैकी स्टेरॉइड मिळालेल्यांत मृत्यू १७.८ टक्के, न मिळालेल्यांत १४. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, तरी फायदा नाही आणि नुकसान असू शकतं, एवढं सांगायला ती ओळ पुरेशी होती. मात्रा दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आजाराचा पहिला आठवडा विषाणूच्या वाढीचा असतो. त्या काळात प्रतिकारशक्ती दाबणं म्हणजे शत्रूला वाट मोकळी करून देणं. नंतर फुप्फुसांत शरीराचीच प्रतिक्रिया आग लावते, तेव्हा स्टेरॉइड कामाला येतं.

राकानिएलोंच्या कार्यक्रमात डॉ. डॅनियल ग्रिफिन हे न्यूयॉर्कचे संसर्गरोगतज्ज्ञ दर आठवड्याला रुग्णोपचारांचा आढावा घेत. त्यांचे जे भाग मी ऐकले, त्यांत ही तिसरी ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली. आजाराचे टप्पे तेच, त्यांचा क्रम तोच, आणि ऑक्सिजनची पातळी चांगली असेल तर पहिल्या आठवड्यात स्टेरॉइड देऊ नका हा इशाराही तोच. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल याची त्यांनी पर्वा केली नाही. आवाजाच्या माध्यमात तक्ता दाखवता येत नाही, तेव्हा तो असा दर आठवड्याला म्हणून दाखवावा लागतो. वैद्यकीय निवेदनाचा इतका प्रामाणिक नमुना मला दुसरा आठवत नाही.

आपल्याकडे काय झालं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. केंद्र सरकारने जून २०२० मध्येच डेक्सामेथासोन उपचारपद्धतीत घेतलं, तेही मध्यम आणि गंभीर रुग्णांसाठी. गावोगाव मात्र 'स्टेरॉइडने बरं वाटतं' एवढंच पोचलं. साधा ताप असलेल्यांना पहिल्या दिवसापासून गोळ्या, मात्रा मनाला येईल ती, साखर तपासलेली नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण रांगेने दाखल होऊ लागले; मधुमेह आणि स्टेरॉइडचा अनाठायी वापर ही त्यामागची ठळक कारणं होती. कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा वरचा जबडा. त्या एका ओळीचा आवाज आपल्या तालुक्यांपर्यंत मराठीत, दर आठवड्याला पोचला असता तर यातले काही डोळे आणि काही जीव वाचले असते, असं मला मनापासून वाटतं.

पॉडकास्टचा आणखी एक प्रकार मला फार मोलाचा वाटतो. 'द क्लिनिकल प्रॉब्लेम सॉल्व्हर्स'सारख्या कार्यक्रमांत एक डॉक्टर खऱ्या रुग्णाची माहिती तुकड्या-तुकड्याने देतो, आणि ती प्रथमच ऐकणारा दुसरा डॉक्टर प्रत्येक तुकड्यानंतर मोठ्याने विचार करतो. आता माझ्या मनात या चार शक्यता आहेत, ही मी वर का घेतली, ही खाली का ढकलली. पाठ्यपुस्तकात निदान तयार मिळतं; इथे ते घडताना ऐकू येतं, चुकीच्या वाटेने गेलेली पावलंसुद्धा. वॉर्डमध्ये राउंडवर चांगले सर भेटले तर हेच शिकायला मिळतं. पण प्रत्येकाला तसे सर मिळत नाहीत.

इथेही एक सावधगिरी लागते. शक्यतांचा क्रम जागेवर ठरतो. बोस्टनमधल्या डॉक्टरला उन्हाळ्यातला ताप आणि अंगावरचा चट्टा ऐकून गोचिडीचा लाइम आजार आधी सुचेल, आणि तिथे ते बरोबर आहे. चिपळूणला जुलैमध्ये भातलावणी करणारा माणूस ताप, लाल डोळे आणि हात लावू न देणाऱ्या पोटऱ्या घेऊन आला, तर लेप्टोस्पायरोसिस पहिला यायला हवा, बरोबरीने डेंग्यू आणि मलेरिया. विदर्भात पावसाळा सरताना ताप असेल, तर काखेत, जांघेत, कमरेच्या घडीत सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग आहे का हे कपडे बाजूला करून बघावं लागतं, कारण तो स्क्रब टायफसचा असू शकतो आणि डॉक्सिसायक्लिनने माणूस वाचतो. अमेरिकन कार्यक्रमातून विचार करण्याची रीत घ्यावी. यादी आपल्या मातीतली हवी. महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून कोकणातले मृत्यू कमी करून दाखवले, ते संशोधन 'लॅन्सेट' आणि 'बीएमजे'पर्यंत गेलं. त्या प्रकारचं ज्ञान शिकागोच्या स्टुडिओतून येण्याची वाट पाहणं बरोबर नाही.

आरोग्यधोरणाच्या चर्चेत तर सैल बोलण्याची किंमत फार लवकर मोजावी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'जामा'च्या पॉडकास्टमध्ये वैद्यकीय व्यवस्थेतल्या वर्णभेदावर सोळा मिनिटांचं संभाषण झालं. एकही डॉक्टर वर्णद्वेष्टा नसताना व्यवस्थेत वर्णभेद कसा असेल, अशा अर्थाची जाहिरात त्यासाठी ट्विटरवर केली गेली. संताप उसळला. भाग काढून टाकावा लागला, त्यात बोलणारे उपसंपादक पायउतार झाले, आणि त्या संभाषणात स्वतः नसलेले मुख्य संपादक हॉवर्ड बॉकनर यांनीही जूनअखेर पद सोडलं. त्याच नियतकालिकात निबंध छापायचा तर बाहेरचे परीक्षक ओळ न् ओळ तपासतात. तेच नाव लावून प्रसारित होणाऱ्या संभाषणाला तशी चाळणी नसते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र दोन्हींची पत सारखीच असते. जर्मनीत विषाणुतज्ज्ञ ख्रिश्चन ड्रॉस्टेन यांनी २६ फेब्रुवारी २०२० पासून एनडीआर रेडिओवर करोनाबद्दल बोलताना वेगळा पायंडा पाडला. १९१८ च्या साथीतल्या अमेरिकी शहरांचा अभ्यास वाचून शाळा बंद करण्याबद्दलचं आपलं मत बदललं, तेव्हा का बदललं हे त्यांनी श्रोत्यांपुढेच मांडलं.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार डॉक्टरांना नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. त्यासाठी परिषदांना हजेरी लागतेच. रोजचं शिक्षण मात्र त्या हजेरीवर चालत नाही. पॉडकास्ट ऐकणाऱ्या तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे. औषध बदलण्याआधी निबंधाचा सारांश पबमेडवर उघडा, तो फुकट असतो. रुग्ण किती होते, तुलना कशाशी होती आणि कोणाला चाचणीतून वगळलं होतं, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. कार्यक्रमाचा खर्च कोण करतं तेही पाहा. मग आयसीएमआरने नेहमीच्या आजारांसाठी काढलेले उपचारांचे तक्ते समोर ठेवा. ते प्राथमिक केंद्र आणि जिल्हा रुग्णालय अशा पायऱ्या धरून केलेले आहेत.

आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे एक मागणी. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि आशाताई यांच्यासाठी दर आठवड्याला वीस मिनिटांचा मराठी कार्यक्रम काढायला पैसा फारसा लागत नाही. जूनमध्ये सर्पदंश, जुलैत लेप्टो, ऑक्टोबरमध्ये स्क्रब टायफस, आणि अधूनमधून नव्या संशोधनातली ती तिसरी ओळ, हळू आणि दोनदा सांगितलेली.

ऐकण्यात एक उणीव तरीही राहतेच, ती म्हणजे उलट प्रश्न विचारता येत नाही. न्यू मेक्सिकोत २००३ साली डॉ. संजीव अरोरा यांनी खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला स्वतःचे रुग्ण घेऊन तज्ज्ञांशी पडद्यावर बोलायला बसवलं, आणि हेपटायटिस सीचे उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच चांगले होऊ लागले. त्या 'प्रोजेक्ट इको'बद्दल पुढच्या आठवड्यात.