अडचण मुलाची की भाषेची? पनवेलमधील शिक्षक-प्रशिक्षणाचा परिचय

शिक्षक घडवणाऱ्या दोन सरकारी संस्था पनवेल तालुक्यात आहेत. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून देशभर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी रायगड जिल्ह्याची संस्था, म्हणजेच 'डायट', पनवेल येथे आहे. तर १९८४ साली सिकंदराबादेत स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. पहिलीचा संबंध सर्वसाधारण शाळांतील शिक्षकांशी, दुसरीचा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांशी. या दोन्ही ज्ञानशाखांची गरज मात्र अनेकदा एकाच वर्गात, एकाच मुलासाठी पडते.

विशेष शिक्षक होण्याची वाट भारतीय पुनर्वास परिषदेतून जाते. १९९२च्या कायद्याने या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला; तिने मान्य केलेली पदविका किंवा पदवी घेऊन केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून रीतसर काम करता येत नाही, आणि ही नोंदणी टिकवण्यासाठी पुढेही ठरावीक काळाने उजळणी-प्रशिक्षण घ्यावे लागते.

या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे मुलाचे कार्यात्मक मूल्यमापन. बुद्ध्यंकाचा एकच आकडा काढून न थांबता मूल जेवणे, कपडे घालणे, वस्तू ओळखणे, पैसे मोजणे यांपैकी काय आणि किती मदतीने करू शकते, याची पडताळासूची शिक्षक भरतो. प्रत्येक कृतीसमोर मूल ती स्वतंत्रपणे करते, खुणेवरून करते, तोंडी सूचना दिल्यावर करते, हात धरून करवून घ्यावी लागते, की मुळीच करत नाही, असे टप्पे नोंदवले जातात आणि त्यावरून त्या मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार होतो. शर्टाचे बटण लावणे शिकवायचे असेल तर त्या कृतीचे बारीक तुकडे पाडतात आणि बहुधा शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करतात: काजातून अर्धे बाहेर आलेले बटण ओढून घेण्याचे काम तेवढे मुलाकडे असते, मग अर्धे आत सरकवण्याचे, मग काज शोधण्याचे. काम पूर्ण झाल्याचे समाधान पहिल्याच दिवशी मुलाच्या वाट्याला यावे, हा त्यामागचा विचार आहे आणि तो अतिशय सुज्ञ आहे.

याच सूचीत एक गंभीर धोकाही आहे. 'तोंडी सूचना दिल्यावर करते' ही नोंद करताना सूचना मुलाला समजली, असे गृहीत धरलेले असते. कर्नाळ्याच्या परिसरातील कातकरी किंवा ठाकर वाडीवरचे मूल घरी आपली बोली बोलते आणि शाळेत प्रमाण मराठी ऐकते. खारघर-कळंबोलीतील स्थलांतरित मजुराचे मूल घरी भोजपुरी, कन्नड किंवा तेलुगू बोलते आणि त्याला इंग्रजी माध्यमात घातलेले असते. अशा मुलाला 'लाल ठोकळा उचल' हे परक्या भाषेत सांगितले आणि ते गप्प राहिले, तर शिक्षक त्याचा हात धरून ठोकळा उचलवतो आणि तशीच नोंद करतो. ती नोंद भाषेच्या अज्ञानाची असते, परंतु कागदावर ती अक्षमता म्हणून उतरते.

ही चूक कुठवर जाऊ शकते, हे कॅलिफोर्नियातील १९७०च्या डायना खटल्याने दाखवले. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीतून घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले गेले होते. त्यानंतर झालेल्या तडजोडीत चाचणी मुलाच्या घरच्या भाषेतही घ्यावी, असे ठरले. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी पुढे दाखवून दिले की दुसऱ्या भाषेत गप्पा मारण्याइतके प्रावीण्य साधारण दोन वर्षांत येते, परंतु त्या भाषेत धडा समजून विचार मांडायला पाच ते सात वर्षे लागतात. मधल्या काळात मूल पटांगणात सफाईने बोलते आणि वर्गात अडखळते, आणि हेच अडखळणे अक्षमता समजले जाण्याची भीती सर्वाधिक असते. उलट चूकही तितकीच घातक आहे: 'भाषा आली की सुधारेल' असे म्हणत खऱ्या अक्षमतेकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते, त्यामुळे इंग्रजी अध्यापनाचे वर्ग शिक्षकांना परिचित आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या, त्यामुळे समावेशित शिक्षणाची प्रशिक्षणेही होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर प्राथमिक स्तरावर दहा, तर उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरले. संख्येचा प्रश्न त्याने मार्गी लागू शकेल. मात्र घरच्या भाषेत मूल्यमापन करण्याचे कौशल्य केवळ संख्येने येत नाही.

त्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. डायटच्या शिक्षकाला पडताळासूची भरता यावी, विशेष शिक्षकाला दुसरी भाषा कशी शिकली जाते हे कळावे आणि सूची भरताना मुलाची बोली जाणणारी अंगणवाडी सेविका किंवा पालक शेजारी बसलेले असावेत, एवढी व्यवस्था एकाच तालुक्यातील या दोन संस्थांनी मिळून करावी.