गाडी हलकी, आवाज भारी

स्टीलचे एक ताट तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि चमच्याने हलकेच वाजवा. बराच वेळ ते घणघणत राहील. आता आईकडून लिंबाएवढी कणीक मागून घ्या, ताटात चपटी दाबून घट्ट चिकटवा आणि पुन्हा वाजवा. नुसते ‘थड्’! कंपनांची ऊर्जा कणीक ताणण्या-दाबण्यात खर्ची पडते. तिची उष्णता होते.

मोटारीचा तळ आणि दरवाजे ही अशी मोठमोठी ताटेच. ती घुमू नयेत म्हणून कारखान्यात त्यांना डांबरी थर चिकटवतात, वर जाड गालिचे अंथरतात. शर्यतवाले मात्र हेच सामान आधी काढून टाकतात. न्यूटनचा दुसरा नियम आठवा. बल तेवढेच ठेवून वस्तुमान घटवले की त्वरण वाढते.

जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९७२ साली ‘९११ कॅरेरा आरएस २.७’ ही गाडी आणली. तिच्या दोन्ही मुख्य प्रकारांत इंजिन एकच, २१० अश्वशक्तीचे. प्रवासी प्रकाराचे वजन १०७५ किलोग्रॅम. हलक्या प्रकारातून ध्वनिरोधक थर, मागची आसने, एवढेच काय, घड्याळसुद्धा वगळले आणि वजन ९६० वर आणले! ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला पहिलीला ६.३ सेकंद लागत, दुसरीला ५.८. वजन जवळजवळ ११ टक्के घटले, वेळ मात्र ८ टक्केच. असे का? चालकाचे वजन तेवढेच राहते आणि हवेचा विरोध गाडीच्या वजनावर अवलंबून नसतो.

घुमणे थांबवायला थोडी कणीक पुरली. पण हवेतून येणारा आवाज अडवायला वजनच लागते. ध्वनिलहरी पत्र्याला मागेपुढे ढकलतात. पत्रा जड असला तर तो कमी हलतो आणि पलीकडच्या हवेलाही कमी हलवतो. म्हणजे पुन्हा न्यूटनचाच नियम! दर चौरस मीटरमागचे वस्तुमान दुप्पट केले, तर पलीकडचा ध्वनिदाब साधारण निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने कमी होतो. कमी कंपनसंख्येच्या आवाजाचा प्रत्येक धक्का जास्त वेळ टिकतो, त्यामुळे तो जड अडथळ्यालाही हलवतो. भिंतीपलीकडच्या वरातीतले गाण्याचे शब्द कळत नाहीत, ढोल मात्र ऐकू येतो, तो यामुळेच.

आता घरच्या गाडीचा हिशेब करू. समजा, १००० किलोग्रॅमच्या गाडीतून असे २० किलोग्रॅम थर खरवडले. बचत झाली २ टक्के. टाकीतले २७ लिटर पेट्रोलही साधारण तेवढेच भरते! माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे, कारण किंमत कानांनी मोजायची असते. रोज ८५ डेसिबल आवाजात ८ तासांहून जास्त काम करू नये आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी करावी, अशी अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. म्हणजे ९१ डेसिबलला उरले २ तास. ९४ ला किती, ते तुम्हीच काढा.