पाड्याची ग्रामसभा कधी?

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण, डोंगराळ भाग म्हणून मुख्यतः हे दोनच तालुके उरले. ठाणे म्हटलं की लोकांना लोकल आणि खाडी आठवते. माळशेजच्या पायथ्याचं मोरोशी किंवा डोळखांबपलीकडचा पाडा त्याच जिल्ह्यात येतो, हे सांगावं लागतं.

कागदावर ‘गाव’ एक असतं, पण प्रत्यक्षात ते विखुरलेलं असतं. मधल्या गावठाणात बहुधा कुणबी, काही गावांत आगरी. तिथेच शाळा, देऊळ, पंचायतीचं ऑफिस. चढावर ठाकरांची वाडी, आणखी आत महादेव कोळी किंवा वारली. आणि गावाच्या कडेला, बरेचदा दुसऱ्याच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर, कातकऱ्यांची वाडी. ठाकराकडे निदान नाचणी-वरईचा तुकडा असतो. बहुतेक कातकऱ्यांकडे तोही नाही. घर आहे, पण घराखालची जागा नावावर नाही. मग घरकुलाच्या यादीत नाव लागूनही गाडं उताऱ्यापाशी अडतं.

या पाड्यांची नावं सरकारी कागदावर नीट वाचायची असतील, तर टंचाई आराखडा काढावा. एप्रिल-मे महिन्यांत टँकर कुठे कुठे जाणार, ते त्यात पाड्यानिशी लिहिलेलं असतं. तानसा १८९२ चा, मोडकसागर १९५७ चा, आणि मुंबईच्या पाण्यातला साधारण निम्मा वाटा एकट्या भातसाचा. ही तिन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यात टँकर विहिरीत रिकामा होतो आणि बाया कळशी-दोर घेऊन काठाला उभ्या राहतात. पहिली बादली गढूळ येते, ती बाजूला ठेवून दुसरी सोडतात. हे पाहिलं की आतून तुटतं, आजही.

पण मला सांगायचं आहे ते ग्रामसभेबद्दल. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. या नियमांनुसार पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केला, तर स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळावी यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येतं. मान्यता मिळाली की पाड्याची स्वतःची ग्रामसभा. आदिवासी उपयोजनेतल्या निधीचा पाच टक्के वाटा पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. एवढा अधिकार आपल्याकडे फार थोड्या लोकांना आहे.

आता तारखा पाहा. ग्रामसभा ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कातकरी गणपतीनंतर उचल घेतो. दिवाळी झाली की भट्टीवाल्याचा टेम्पो येतो आणि भांडी, पोरं, कोंबड्यांसकट कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जातं. परततं ते मृगाच्या तोंडावर. २६ जानेवारीला मी वाडीवर गेलो, तर दारं तारेने बांधलेली असायची. एखादी म्हातारी उन्हात बसलेली, तिच्याजवळ दोन-तीन घरांच्या किल्ल्या. तिकडे पंचायतीत झेंडा व्हायचा, पोरांना बिस्किटं मिळायची आणि त्याच दिवशी लाभार्थ्यांची यादी वाचली जायची. १ मेला भट्टी चालूच असते. १५ ऑगस्टला माणसं घरी असतात, पण ते भातखाचरातल्या बेणणीचे दिवस, शिवाय ओढा भरलेला. वाडीवरून गावात यायचं कसं? उरली २ ऑक्टोबर.

म्हणजे ज्यांना जागा, रेशनकार्ड, जातीचा दाखला यांची सर्वांत जास्त गरज, तेच वर्षाच्या चारपैकी तीन सभांना येऊ शकत नाहीत. यात कुणाचा डाव नाही. तारखा राष्ट्रीय सणांच्या म्हणून ठरल्या, भट्टीचा हंगाम कुणी विचारात घेतला नाही. पण परिणाम सोसायचा तो कातकऱ्यानेच. ‘अनुपस्थित’ म्हणून ज्यांची नोंद होते, ते त्या वेळी मातीचा गारा तुडवत असतात.

चार सभा ही किमान संख्या आहे, पाचवी घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. दसरा ते दिवाळी हा काळ त्यासाठी उत्तम. हळवा भात कापणीला आलेला, ओढे उतरलेले, टेम्पो अजून यायचे. ती सभा पंचायतीच्या ऑफिसात न घेता वाडीवरच घ्यावी. घरकुलाची यादी, वनहक्काचे दावे, पोरांच्या हंगामी वसतिगृहाची सोय हे विषय तिथेच मांडावेत, आणि वाडीखालच्या जागेची मोजणी करून मागण्याचा ठराव त्याच दिवशी लिहून त्याच दिवशी सह्या-अंगठे घ्यावेत. त्यासाठी सात दिवस आधी दवंडी पिटायला हवी, तीही संध्याकाळी, म्हणजे मजुरीवरून परतलेल्या माणसांच्या कानावर पडेल.