एरेनफेल्डच्या कोपऱ्यावरची मशीद

३ फेब्रुवारी १९६५, रमझान ईदचा दिवस. जर्मनीतल्या कोलोन शहरात काही शे तुर्की कामगार तिथल्या जगप्रसिद्ध कॅथेड्रलमध्ये जमले. चर्चच्या एका बाजूला त्यांनी जमिनीवर गालिचे अंथरले आणि ईदची नमाज पढली. एवढी माणसं मावतील अशी त्यांची स्वतःची जागा शहरात नव्हती. त्यांनी चर्चकडे विचारणा केली आणि चर्चनं होकार दिला.

चाळीसेक वर्षांनी याच समाजानं स्वतःच्या मालकीच्या जागेवर मशीद बांधायची परवानगी मागितली, तेव्हा मात्र शहर ढवळून निघालं. मोर्चे निघाले, सह्यांची मोहीम झाली, महापौर आणि त्यांचाच पक्ष समोरासमोर उभे राहिले. कॅथेड्रलमध्ये नमाज चालली, मग रस्त्याच्या कोपऱ्यावर मशीद का खुपावी? या प्रश्नाचं उत्तर हे तुर्क जर्मनीत कसे आले आणि कुठे राहिले, यात सापडतं.

पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला तो ऑक्टोबर १९६१मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने जोरात होते आणि माणसं कमी पडत होती. करारानुसार तुर्की कामगारानं दोन वर्षं राबायचं आणि घरी परतायचं. त्याच्या जागी दुसरा येणार. पण शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी गमावणं कारखानदारांना परवडेना. त्यांच्याच आग्रहावरून ही अट १९६४मध्ये निघाली. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात हजारो तुर्क काम करू लागले. १९७३मध्ये सरकारनं नवी भरती थांबवली. एकदा मायदेशी गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून अनेकांनी बायकामुलांना इकडे बोलावून घेतलं. यांना परत जायचं आहे असं सरकार म्हणत राहिलं, पुष्कळदा ते स्वतःही म्हणत राहिले. आणि दरम्यान मुलं जर्मन शाळेत शिकून मोठी झाली.

त्यांची नमाज होई ती इमारतींच्या मागच्या चौकात, बंद पडलेल्या कारखान्यात, गोदामात किंवा तळघरात. बाहेर साधी पाटी, आत गालिचे आणि चहाची खोली. शेजाऱ्यांना पत्ता नसे, असला तरी तक्रार नसे. तुर्की सरकारच्या धर्मखात्याशी जोडलेली ‘दितिब’ ही संघटना १९८४मध्ये कोलोनमध्येच स्थापन झाली. एरेनफेल्ड या जुन्या कामगारवस्तीत फेनलोअर स्ट्रासे आणि शहराचा वर्तुळाकार हमरस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर औषध कंपनीची एक जुनी इमारत तिनं घेतली आणि तिथे नमाज सुरू झाली. वर्षानुवर्षं ती चालली. त्या इमारतीविरुद्ध कुणी मोर्चा काढला नाही.

वाद पेटला तो नव्या मशिदीचा आराखडा कागदावर आला तेव्हा. २००६मध्ये स्पर्धा होऊन पाउल ब्यॉम या वास्तुविशारदाची निवड झाली. ब्यॉम घराणं चर्च बांधणाऱ्यांचं. आजोबा डॉमिनिकुस यांनी चर्चवास्तूंत नवं वळण आणलं, वडील गॉटफ्रीड यांना १९८६मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळालं. पाउल यांनी काढलेला घुमट अखंड नव्हता. कळी उमलावी तशा काँक्रीटच्या वक्र भिंती आणि त्यांच्या मधल्या फटींत काच, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आतला उजेड दिसेल. रस्त्यावरून वर चढत जाणारा रुंद जिना, सगळ्यांसाठी खुलं अंगण, खाली दुकानं आणि ग्रंथालय. आणि दोन मिनार, प्रत्येकी ५५ मीटर उंच.

मिनारांवरून सगळ्यात जास्त रण माजलं. खरं तर कोलोनचं कॅथेड्रल १५७ मीटर उंच आहे, आणि मशिदीच्या जवळच उभा असलेला दूरसंचार मनोरा त्याहूनही उंच. पण लोक मीटर मोजून घाबरत नाहीत. मागच्या चौकातली नमाज ‘हे कधीतरी जातील’ या समजुतीत बसत होती. मिनार त्या समजुतीला छेद देत होते. ही माणसं इथेच राहणार, इथेच म्हातारी होणार, त्यांची नातवंडंही इथलीच असणार, असं ते दुरूनच सांगत होते. पार्किंगची, वाहतुकीची, सावलीची जी भांडणं झाली त्यांतली काही खरी होती, पण बऱ्याच भांडणांच्या तळाशी हीच अस्वस्थता होती.

विरोधकांत सगळे एका माळेचे मणी नव्हते, हे इथे सांगायलाच हवं. ‘प्रो क्योल्न’ हा अतिउजवा गट शहराच्या परिषदेत २००४पासून होता. त्यानं मशिदीच्या प्रश्नावर मतदान घ्यावं म्हणून हजारो सह्या गोळा केल्या. तपासणीत त्यांतल्या पुष्कळ बाद ठरल्या आणि मागणी फेटाळली गेली. राल्फ जॉर्डानो यांचा विरोध वेगळ्या जातीचा होता. आई ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत छळ सोसलेला, युद्धाच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या तळघरात लपून जीव वाचवलेला हा लेखक. २००७मध्ये त्यांनी मशीद बांधू नका असं जाहीरपणे म्हटलं. त्यांच्या मते ती एकोपा नसतानाच एकोप्याचा देखावा करणार होती. बुरख्यातल्या स्त्रियांबद्दल ते अतिशय बोचरं बोलले. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आणि तरीही प्रो क्योल्ननं त्यांना आपलं म्हणायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी त्या गटाला नाझींचा स्थानिक अवतार म्हणून झिडकारलं. जॉर्डानो यांचं म्हणणं पटो न पटो, त्यांना द्वेष्ट्यांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे.

कॅथलिक चर्चमध्येही दोन सूर होते. कार्डिनल योआखिम माइसनर यांनी आपल्याला अस्वस्थ वाटतं असं म्हटलं. त्याच सुमारास, २००७मध्ये, चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी कॅथेड्रलसाठी रंगीत चौकोनांची भव्य खिडकी केली, तेव्हा ही खिडकी मशिदीत जास्त शोभेल, अशी नापसंती माइसनर यांनी बोलून दाखवली. मशीद हा शब्द त्या वर्षी कोलोनमध्ये कुठल्या स्वरात उच्चारला जात होता, ते यावरून कळतं. दुसरीकडे त्याच शहरातल्या गरीब वस्तीतले पाद्री फ्रान्स मॉयरर यांनी आपल्या चर्चमध्ये मशिदीसाठी वर्गणी गोळा केली.

सामान्य नागरिकांना काय वाटत होतं? २००७च्या एका पाहणीत साधारण ६३ टक्के लोकांनी मशिदीला होकार दिला, पण त्यांत एकूणांपैकी २७ टक्के असे होते, ज्यांना ती लहान हवी होती. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा विरोध. हे २७ टक्के लोक या साऱ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचे. ते द्वेष करत नव्हते, टाळ्याही वाजवत नव्हते. मशीद असू दे, पण एवढी मोठी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मोर्च्यांच्या छायाचित्रांत ही माणसं दिसत नाहीत, पण कुठल्याही गावाचा निर्णय शेवटी त्यांच्याच हातात असतो.

जर्मन राज्यघटनेचं चौथं कलम धर्मस्वातंत्र्य देतं, त्यामुळे मशीद हवी की नको हा प्रश्न परिषदेपुढे नव्हताच. जमिनीच्या वापराचा आराखडा बदलायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं. महापौर फ्रित्स श्रामा हे ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे. त्यांनी मशिदीची बाजू घेतली, प्रवचनं जर्मनमध्ये व्हावीत असा आग्रहही धरला. त्यांचा पक्ष मात्र विरोधात गेला. ऑगस्ट २००८मध्ये मतदान झालं तेव्हा समाजवादी, ग्रीन, उदारमतवादी आणि डाव्या सदस्यांबरोबर श्रामा यांनी मशिदीच्या बाजूनं मत दिलं. त्यांचा स्वतःचा पक्ष प्रो क्योल्नबरोबर विरुद्ध बाजूला होता. एका राजकारण्यानं आपल्या मतदारांसमोर असं एकटं उभं राहणं ही छोटी गोष्ट नाही, आणि कोलोनमध्ये जे काही नीट पार पडलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

लगेच पुढच्या महिन्यात प्रो क्योल्ननं युरोपभरच्या समविचारी पक्षांना बोलावून ‘इस्लामीकरणविरोधी’ परिषद भरवली. शहरानं दिलेलं उत्तर अस्सल कोलोनचं होतं. इथली क्योल्श नावाची बिअर म्हणजे शहराचा अभिमान. ‘नाझींना क्योल्श मिळणार नाही’ असं गुत्तेवाल्यांनी जाहीर केलं. टॅक्सीवाल्यांनी पाहुण्यांना गाडीत घ्यायला नकार दिला. हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि २० सप्टेंबरला पोलिसांनी ऐनवेळी सभेवर बंदी घातली. आदल्या दिवशी ऱ्हाइन नदीत या गटाच्या बोटीवर दगडफेकही झाली, आणि ती निषेधार्हच होती.

अशी ओढाताण फक्त मुसलमानांच्या वाट्याला येते असं नाही. कोलोनपासून शंभरेक किलोमीटरवर हाम नावाचं शहर आहे. श्रीलंकेतल्या युद्धातून पळून आलेल्या तमिळ हिंदूंनी तिथे एका घराच्या तळघरात कामाक्षी अम्मनचं मंदिर थाटलं. वर्षाची रथयात्रा सुरू झाली, हजारो भाविक येऊ लागले आणि रहिवाशांनी गर्दी, आवाज आणि गाड्यांच्या तक्रारी केल्या. शेवटी मंदिराला शहराच्या कडेच्या औद्योगिक भागात जागा मिळाली आणि २००२मध्ये गोपुरासह देऊळ उभं राहिलं. आज ते तिथलं पर्यटनस्थळ आहे. परदेशात गणपती बसवणाऱ्या मराठी कुटुंबांना यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही.

कोलोनच्या मशिदीची पायाभरणी २००९च्या नोव्हेंबरमध्ये झाली, पण नंतरची भांडणं शेजाऱ्यांशी नव्हती. बांधकामातल्या दोषांवरून २०११मध्ये दितिबनं ब्यॉम यांच्याशी करार मोडला. पुढे ते सल्लागार म्हणून परतले. खर्च वाढला, काम रखडलं. २०१७मध्ये दितिबच्या काही इमामांवर तुर्की सरकारसाठी हेरगिरी केल्याचा आरोप झाला. चौकशी सुरू होऊन नंतर थांबवली गेली. सप्टेंबर २०१८मध्ये उद्घाटनाला तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन आले. महापौर हेन्रिएट रेकर गेल्या नाहीत. मशिदीसाठी वर्षानुवर्षं झटलेल्या अनेक कोलोनकरांना हा समारंभ आपल्या शहराचा वाटलाच नाही, आणि त्यांचं दुःख रास्त होतं. दितिबनं शहराचा विश्वास अंकाराच्या पायी गमावला, असंच म्हणावं लागेल. पण त्यासाठी जाब विचारायचा तो संघटनेच्या कारभाऱ्यांना. शुक्रवारी गालिच्यावर बसणाऱ्या निवृत्त फोर्ड कामगाराला नव्हे. ही दोन माणसं वेगळी आहेत, याचा विरोधकांना आणि कधीकधी समर्थकांनाही विसर पडला.

१४ ऑक्टोबर २०२२ला इथे पहिल्यांदा ध्वनिवर्धकावरून अजान झाली. महापालिकेनं अटी घातल्या होत्या: फक्त शुक्रवारी, पाच मिनिटांपर्यंत, आवाजाला मर्यादा, आणि तक्रार ऐकून घ्यायला मशिदीनं एक माणूस नेमायचा. इराणमध्ये त्या दिवसांत स्त्रिया हिजाबसक्तीविरुद्ध रस्त्यावर होत्या. त्यांचा दाखला देत थोडे निदर्शक मशिदीसमोर फलक घेऊन उभे राहिले. तेही त्यांच्या हक्कातलंच होतं. डिसेंबर २०२३मध्ये जर्मन सरकारनं दितिब आणि तुर्की धर्मखात्याशी बोलून ठरवलं की तुर्कस्तानातून इमाम पाठवणं हळूहळू बंद करायचं आणि दरवर्षी शंभर इमाम जर्मनीतच तयार करायचे. एरेनफेल्डच्या मशिदीत पुढे कोण, कुठल्या भाषेत आणि कुणाच्या पगारावर प्रवचन देणार, याची खरी चर्चा आता सुरू झाली आहे.