नगरपालिकेच्या मालकीचा सेवा-उपक्रम विकताना : कायदेशीर टप्पे आणि त्यांचे प्रयोजन

प्रस्तावना

महानगरपालिकेने बाजारातील एखादा गाळा विकला, तर विकणारी पालिका, घेणारा व्यापारी आणि दोघांमधील खरेदीखत एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. शहराला वीज, पाणी किंवा वायू पुरवणारा उपक्रम विकायचा झाला, तर मात्र गोष्ट इतकी सरळ राहत नाही. खांब, तारा आणि उपकेंद्रे यांच्याबरोबर हजारो घरांचे मासिक बिलही नव्या मालकाच्या हाती जाते. ग्राहकाला दुसरे दुकान गाठता येत नाही, कारण त्याच्या दारापर्यंत येणारी तार बहुधा एकच असते.

येथे नागरिकाच्या वाट्याला एकाच वेळी दोन भूमिका येतात. उपक्रम शहराचा म्हणून तो विक्रेता असतो, आणि विक्री झाल्यावर तोच नव्या मालकाचा ग्राहक होतो. विक्रेता म्हणून त्याला किंमत जास्त हवी असते, ग्राहक म्हणून दर कमी हवे असतात. खरेदीदार मोजलेली किंमत शक्य तितकी दरांतूनच वसूल करू पाहतो. त्यामुळे नागरिकाच्या एका खिशात आलेला पैसा दुसऱ्या खिशातून जाण्याचा संभव असतो. विक्रीची कायदेशीर प्रक्रिया लांबलचक का असते, याचे उत्तर या विरोधात आहे. किंमत, संमती आणि दर यांचा विचार वेगवेगळ्या हातांनी व्हावा, अशी तिची रचना असते.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील तीन शहरांच्या उदाहरणांवरून या प्रक्रियेचे टप्पे स्पष्ट केले असून, शेवटी भारतीय कायद्यातील संबंधित तरतुदींचा परामर्श घेतला आहे. अमेरिकेत अनेक शहरांचे स्वतःचे वीज उपक्रम आहेत आणि विक्रीचे नियम बहुधा शहराच्या सनदेत लिहिलेले असतात. त्यामुळे टप्पे तेथे सुटे सुटे पाहता येतात.

पहिला टप्पा : विकण्याचा अधिकार कोणाचा?

सर्वप्रथम पाहावयाचे ते हे की, विक्रीचा निर्णय कोण घेऊ शकतो. अमेरिकेतील शहराची सनद म्हणजे त्या शहराची जणू छोटी घटना. अनेक सनदांत असे म्हटलेले असते की, महापौर किंवा नगरसभा स्वतःच्या अधिकारात उपक्रम विकू शकत नाही. त्यासाठी मतदारांची संमती घ्यावी लागते.

अलास्का राज्यातील अँकरेज शहराने १९३२ पासून स्वतःचा वीज उपक्रम चालवला होता. त्याच शहराच्या काही भागांत आणि आसपास चुगाच नावाची विद्युत सहकारी संस्था वीज पुरवीत असे. (बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची ग्रामीण विद्युत सहकारी संस्था ज्यांना माहीत आहे, त्यांना सभासद-ग्राहकांच्या मालकीचा हा प्रकार अपरिचित नाही.) एकाच शहरात दोन यंत्रणा कशाला, हा प्रश्न तेथे पुष्कळ वर्षे चर्चेत होता. डिसेंबर २०१७ मध्ये महापौर ईथन बर्कोविट्झ यांनी शहराचा उपक्रम चुगाचला विकण्याचा प्रस्ताव मांडला आणि ३ एप्रिल २०१८ च्या निवडणुकीत तो मतदारांपुढे ठेवण्यात आला. मतदारांनी स्पष्ट बहुमताने कौल दिला.

खरेदीदार कोण हे मतदारांना मतदानापूर्वीच ठाऊक होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. ‘उपक्रम विकावा काय?’ आणि ‘उपक्रम अमुक संस्थेला अमुक अटींवर विकावा काय?’ हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्या प्रश्नावर घेतलेले मत ही केवळ परवानगी ठरते. दुसऱ्यावर घेतलेल्या मताला संमती म्हणता येते.

सार्वमतालाही मर्यादा आहेत. फ्लोरिडातील व्हेरो बीच या लहान शहराने मार्च २०१३ मध्ये मतदारांच्या संमतीने वीज उपक्रम विकण्याचे ठरवले. परंतु त्या उपक्रमाचे निम्म्याहून अधिक ग्राहक शहराच्या हद्दीबाहेर राहत होते. बिल ते भरीत, पण शहराच्या मतदानात त्यांना स्थान नव्हते. मालक आणि ग्राहक हे दोन समूह नेहमी एकच नसतात, हे या उदाहरणावरून दिसते.

दुसरा टप्पा : मूल्यांकन आणि निविदा

उपक्रमाची किंमत ठरवण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. मालमत्ता नव्याने उभारण्यास येणारा खर्च वजा घसारा, ही पहिली. पुढील वर्षांत मिळू शकणाऱ्या उत्पन्नाचे आजचे मोल, ही दुसरी. अशाच अन्य उपक्रमांना मिळालेल्या किमतींशी तुलना, ही तिसरी. तीनही पद्धतींनी येणारे आकडे क्वचितच जुळतात. म्हणून मूल्यांकन करणारा तज्ज्ञ विक्रीवर अवलंबून असलेला नसावा, हे तत्त्व मानले जाते.

जाहीर होणारा आकडा आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांतही अंतर असते. अँकरेजच्या व्यवहाराचे एकूण मोल सुमारे १ अब्ज डॉलर असल्याचे सांगितले गेले. त्यात व्यवहाराच्या वेळी द्यावयाची रक्कम होती, जुन्या कर्जाची फेड होती आणि पुढील अनेक वर्षे शहराला करापोटी मिळत राहणारे हप्तेही होते. हे तीन घटक वेगळे करून पाहिल्याखेरीज किंमत योग्य आहे की नाही, हे सांगता येत नाही.

खरेदीदार थेट वाटाघाटीतून निवडावा की खुल्या निविदेतून, हाही निर्णय घ्यावा लागतो. निविदेत स्पर्धा होते. वाटाघाटीत सेवेच्या अटी अधिक बारकाईने ठरवता येतात. अँकरेजने दुसरा मार्ग पत्करला.

तिसरा टप्पा : कर्जरोखे आणि जुने करार

सार्वमत झाले की विक्री झाली, असा समज सामान्यतः असतो. प्रत्यक्षात अवघड काम तेथून पुढे सुरू होते. अमेरिकेतील नगरपालिकांच्या रोख्यांवरील व्याज साधारणतः केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असते, कारण पैसा सार्वजनिक कामासाठी उभारलेला असतो. उपक्रम सार्वजनिक मालकीतून बाहेर गेला की त्या सवलतीचा आधार जातो. म्हणून असे रोखे फेडावे लागतात, किंवा फेडीपुरती रक्कम वेगळी काढून ठेवावी लागते.

करारांचा गुंता याहून मोठा असू शकतो. व्हेरो बीच हे शहर फ्लोरिडातील अनेक शहरांनी मिळून चालवलेल्या वीज संस्थेचे सभासद होते आणि दीर्घ मुदतीच्या करारांनी तिच्याशी बांधले गेले होते. एका शहराने अंग काढून घेतले, तर त्याच्या वाट्याचा भार इतरांवर पडणार, हे उघड होते. त्यामुळे अन्य सभासद शहरांचीही मान्यता घ्यावी लागली. २०१३ मध्ये मतदारांनी होकार दिलेला व्यवहार १७ डिसेंबर २०१८ रोजी, १८ कोटी ५० लाख डॉलर किमतीला पूर्ण झाला. मधली पाच वर्षे मुख्यत्वे या गाठी सोडवण्यात गेली.

चौथा टप्पा : नियामक आयोग

यानंतर व्यवहार राज्याच्या नियामक आयोगापुढे येतो. विक्रेत्याला पुरेशी किंमत मिळाली काय, हा आयोगापुढील मुख्य प्रश्न नसतो. खरेदीदार सेवा देण्यास सक्षम आहे काय आणि हस्तांतरण जनहिताचे आहे काय, हे तो पाहतो. नागरिकाच्या ग्राहक या भूमिकेची राखण येथे होते.

अँकरेजच्या नगरसभेने डिसेंबर २०१८ मध्ये कराराला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये प्रकरण अलास्काच्या नियामक आयोगाकडे गेले. शेजारच्या मातानुस्का विद्युत सहकारी संस्थेने त्यात हस्तक्षेप करून आपली बाजू मांडली, कारण प्रदेशातील वीजव्यवहार परस्परांशी जोडलेले होते. सुनावणीनंतर आयोगाने २८ मे २०२० रोजी अटींसह मंजुरी दिली आणि ३० ऑक्टोबर २०२० रोजी हस्तांतरण झाले. प्रस्तावापासून हस्तांतरणापर्यंत जवळपास तीन वर्षे लागली.

विक्रीतून आलेल्या पैशाचे काय करावयाचे, हाही प्रक्रियेचाच भाग आहे. उपक्रम एकदाच विकता येतो. नगरपालिकेचा खर्च दरवर्षी होत असतो. अँकरेजने १९९९ मध्ये आपला दूरध्वनी उपक्रम विकला, तेव्हा त्या रकमेतून न्यासनिधी उभारण्यात आला आणि त्यातून दरवर्षी मर्यादित रक्कमच अंदाजपत्रकाकडे वळवण्याची पद्धत ठेवण्यात आली.

प्रक्रिया पोखरली जाते तेव्हा : जॅक्सनव्हिल

वरील टप्प्यांचे खरे मोल जॅक्सनव्हिलच्या प्रकरणावरून कळते. फ्लोरिडातील या शहराचा जेईए हा उपक्रम वीज, पाणी आणि मलनिःसारण या तिन्ही सेवा पुरवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये घेतलेल्या सल्लागार स्वरूपाच्या मतदानात ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी, उपक्रमाचा १० टक्क्यांहून मोठा हिस्सा विकण्यापूर्वी जनतेची संमती घ्यावी, असे मत दिले होते. असे असूनही जुलै २०१९ मध्ये संचालक मंडळाने खासगीकरणाची चाचपणी करण्यास मंजुरी दिली. त्याच बैठकीत कर्मचाऱ्यांसाठी एक प्रोत्साहन योजनाही संमत झाली. प्रत्येकी १० डॉलरला एकक विकत घ्यावयाचे आणि उपक्रमाचे मूल्य वाढल्यास त्या प्रमाणात मोबदला मिळवावयाचा, असे तिचे स्वरूप होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये १६ इच्छुकांचे प्रतिसाद आले. त्यानंतर नगरसभेच्या लेखापरीक्षक कार्यालयाने या योजनेचे गणित मांडले. उपक्रम विकला गेला, तर विक्रीची रक्कमही ‘मूल्यवाढ’ म्हणून धरली जाणार होती आणि त्यातून शेकडो दशलक्ष डॉलर योजनेतील सहभागींकडे वळू शकत होते. म्हणजे विक्रीची शिफारस करणाऱ्यांचाच विक्रीत वाटा होता. २४ डिसेंबर २०१९ रोजी मंडळाने निविदा प्रक्रिया रद्द केली. मुख्य कार्यकारी अधिकारी ॲरन झान यांना पदावरून दूर करण्यात आले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयातील ज्यूरीने त्यांना कट व फसवणूक या आरोपांखाली दोषी ठरवले आणि जुलै २०२४ मध्ये त्यांना ४ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. सहआरोपी असलेले वित्त अधिकारी निर्दोष सुटले.

येथे गैरप्रकार उघडकीस आणणारे कार्यालय उपक्रमाच्या मंडळाला जबाबदार नव्हते, तर नगरसभेला जबाबदार होते. मंडळ, व्यवस्थापन आणि सल्लागार हे सर्व एकाच दिशेने निघाले असताना वेगळ्या हाताने आकडे तपासले म्हणून शहराचा उपक्रम वाचला. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी सनद दुरुस्त केली. पूर्वी मंडळाच्या सातही सदस्यांची निवड महापौरांकडून होत असे. दुरुस्तीनंतर चार जागा नगरसभेकडे आल्या.

भारतीय कायद्यातील चित्र

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ७९ मध्ये महानगरपालिकेच्या मालमत्तेच्या विल्हेवाटीचे नियम आहेत. महत्त्वाच्या मालमत्तेच्या विक्रीस सभागृहाची मंजुरी लागते आणि स्थावर मालमत्तेचा मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये, असे हे कलम सांगते. मतदारांच्या सार्वमताची अट त्यात नाही. संमतीचा टप्पा येथे सर्वस्वी निवडून दिलेल्या सभागृहावर सोपवलेला आहे.

वीज उपक्रमाच्या बाबतीत विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १७ लागू होते. आयोगाच्या पूर्वमान्यतेखेरीज कोणत्याही परवानाधारकास आपला परवाना किंवा उपक्रम विक्री, भाडेपट्टा, अदलाबदल वा अन्य मार्गाने हस्तांतरित करता येत नाही आणि तसा करार केल्यास तो रद्दबातल ठरतो. दरांबाबत कलम ६४ अन्वये आयोगाला जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८ मध्ये व्यापारी गोपनीयतेला संरक्षण आहे. तथापि व्यापक जनहित असल्यास अशी माहितीही देता येते. विक्रीच्या अटी मागणाऱ्या नागरिकाचा अर्ज बहुधा या दोन वाक्यांमध्ये अडकतो किंवा सुटतो.

मालकी बदलण्याचा मार्ग दरवेळी ‘विक्री’ याच नावाने येतो असे नाही. वडोदरा महानगर सेवा सदन वायुपुरवठा स्वतः चालवीत असे; २०१३ मध्ये गेल गॅससह वडोदरा गॅस लिमिटेड ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. अशा व्यवस्थेत शहराचा हिस्सा राहतो, पण निर्णय कंपनीच्या मंडळात होतात. भाडेपट्टा, संयुक्त कंपनी किंवा दीर्घ मुदतीचा चालवण्याचा ठेका यांनाही म्हणून हीच कसोटी लावावी लागते.

निष्कर्ष

नागरिकशास्त्र, वाणिज्य किंवा विधी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आपल्या शहरातील असा एखादा प्रस्ताव वर्गात तपासून घेता येईल. त्यासाठी पाच प्रश्न पुरेसे आहेत. विक्रीचा अधिकार कोणत्या कलमाने कोणाला मिळाला? मूल्यांकन कोणी केले आणि त्याचा मेहनताना विक्रीवर अवलंबून होता काय? जुने कर्ज व करार यांची जबाबदारी कोणाकडे गेली? दरांवर देखरेख कोण ठेवणार? आलेला पैसा कोणत्या खात्यात जमा होणार? पाचही प्रश्नांची उत्तरे एकाच कार्यालयाकडून मिळत असतील, तर विद्यार्थ्यांनी सहावा प्रश्न विचारावा : या कार्यालयाचे आकडे कोण तपासतो? जॅक्सनव्हिलमध्ये तो प्रश्न नगरसभेच्या लेखापरीक्षकांनी विचारला होता.