प्राथमिक उदाहरणे आणि चुकीचे मोल

संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास आरंभी जी उदाहरणे सोडवावयास दिली जातात, ती दिसावयास अगदी क्षुल्लक असतात. तीन संख्यांतील मोठी संख्या शोधा, दोन तारखांमधील दिवस मोजा, दिलेले वर्ष लीप वर्ष आहे काय ते सांगा, अशा स्वरूपाची ही उदाहरणे. शाळकरी मूलही जी तोंडी सोडवील, त्यांवर महाविद्यालयीन विद्यार्थ्याने तास-दोन तास का घालवावेत, असा प्रश्न पालकांना पडतो. पुष्कळदा तो विद्यार्थ्यांनाही पडतो. परंतु या विद्येचा खरा संस्कार घडतो तो याच उदाहरणांतून. उत्तर ठाऊक असणे निराळे आणि ते काढण्याची रीत दुसऱ्यास निःसंदिग्धपणे सांगता येणे निराळे, हा त्यांतील पहिला धडा होय.

कोणत्याही कचेरीतील साधी गोष्ट घ्यावी. एखाद्या कर्मचाऱ्याने १० तारखेपासून १५ तारखेपर्यंत रजा मागितली, तर ती किती दिवसांची? आस्थापना शाखेतील लिपिक विनाविलंब सहा दिवस असे लिहितो. दोन्ही दिवस धरावयाचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. नवशिका विद्यार्थी मात्र संगणकाला पंधरातून दहा वजा करण्यास सांगतो आणि यंत्र निमूटपणे पाच हा आकडा दाखविते. यंत्र चुकलेले नसते. सांगितले तेवढेच त्याने केलेले असते. माणूस माणसाशी बोलताना अर्धेच सांगतो आणि उरलेले अर्धे ऐकणारा स्वानुभवाने भरून काढतो. यंत्रापाशी असा पदरचा अनुभव नसल्यामुळे सांगणाऱ्याच्या विचारातील मोकळी जागा तेथे उघडी पडते.

लीप वर्षाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. चाराने भाग गेला की लीप वर्ष, एवढे बहुतेकांना पाठ असते. परंतु १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी केलेल्या कालगणनेच्या सुधारणेनुसार शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष ठरते. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते. केवळ चाराचा नियम लिहिणारा विद्यार्थी २०२३ आणि २०२४ घालून पाहतो, उत्तरे बरोबर येतात आणि तो समाधानाने उठतो. १९०० घालून पाहण्याचे त्याला सुचत नाही. नियम पारखावयाचा तर जेथे तो मोडण्याचा संभव अधिक, तेथेच पारखावा, हा दुसरा धडा.

हा धडा दुर्लक्षिला गेला म्हणजे काय होते, याची साक्ष व्यवहारात सापडते. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'झून' या संगीतयंत्राचा एक प्रकार जागोजागी एकाएकी बंद पडला. ते लीप वर्ष होते आणि त्याच्या ३६६ व्या दिवशी काय करावयाचे, हे आज्ञावलीत नीट सांगितलेले नव्हते. यंत्र त्याच त्या गणिताभोवती फिरत राहिले. नवे वर्ष लागले तेव्हाच त्याची सुटका होऊ शकली. पहिल्या सत्रातील विद्यार्थ्याच्या वहीत शोभावी अशी ही चूक होती.

अनुभवींची फजिती

अनुभव वाढला की अशा चुका आपोआप थांबतात, हा समजही फारसा खरा नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मध्यावर पान उघडतो आणि शब्द मागे की पुढे हे पाहून निम्मा भाग सोडून देतो. या रीतीने क्रमवार लावलेल्या एक हजार नावांतून हवे ते नाव फार तर दहा तुलनांत सापडते. जॉन बेंटली या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने हेच उदाहरण व्यवसायातील लोकांना घातले. दोन-एक तासांची सवड मिळूनही सुमारे नव्वद टक्के लोकांच्या आज्ञावलीत दोष निघाले, असे त्याने नमूद केले आहे. याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. खुद्द बेंटलीच्या पुस्तकातील रीतीत आणि 'जावा' भाषेच्या अधिकृत संग्रहातही एक दोष दडलेला होता, हे जोशुआ ब्लॉक याने २००६ साली दाखवून दिले. यादी अतिप्रचंड असली म्हणजे मध्य काढण्यासाठी केलेली बेरीज यंत्राच्या मर्यादेबाहेर जात असे. तज्ज्ञांची ही गत, तर नवशिक्याने चुकीची लाज का बाळगावी?

सीमोर पेपर्ट या शिक्षणविचारकाने १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात हाच मुद्दा मांडला. आज्ञावली बरोबर की चूक, हा प्रश्नच गौण. ती दुरुस्त कशी करता येईल, हा खरा प्रश्न, असे त्याचे म्हणणे. आपल्या शिक्षणपद्धतीला नेमकी हीच दृष्टी परकी आहे. येथे चूक म्हणजे तांबड्या शाईची रेघ आणि कापलेला गुण. साहजिकच प्रात्यक्षिकाच्या वहीत चुकांना थारा नसतो. सत्र संपताना एकाची नीटनेटकी वही दहा जणांकडे फिरते आणि सर्वांची उत्तरे सारखीच निर्दोष उतरतात. त्यांत शिकणे मात्र कोठेच नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही विद्या माध्यमिक शाळेच्याही आधीच्या इयत्तांत आणण्याचे ठरविले आहे. दुसरीकडे, २०२२ च्या अखेरीपासून प्रश्न लिहिताच तयार आज्ञावली हाती देणारी संवादी यंत्रे सर्वांना उपलब्ध झाली आहेत. आता मित्राची वही मागण्याचेही कारण उरलेले नाही. या यंत्रांवर बंदी घालणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. परंतु त्यांनी दिलेले उत्तर १९०० साली टिकते काय, हे विचारण्याची बुद्धी ज्याने स्वतः कधी चुका केल्याच नाहीत त्याला कोठून येणार?

उपाय खर्चाचा नाही. वहीत अंतिम उत्तराबरोबर पहिला प्रयत्न कोणता होता, तो कोठे फसला आणि ते कसे उमगले, हेही लिहावयास लावावे आणि गुण त्यालाच द्यावेत. शिक्षकाला तपासावयास वेळ अधिक लागेल, हे खरे. तथापि उद्याची वेतनपत्रके, निकालपत्रके आणि रुग्णालयांतील नोंदी ज्यांच्या आज्ञांवर चालणार आहेत, त्यांना स्वतःच्या उत्तराविषयी शंका घेण्याची सवय लावावयाची असेल, तर एवढा वेळ द्यावाच लागेल.